आवरलेलं टेबल

स्टोअरबुवांच्या घरात कधी कात्री हरवत नसे. तुमच्या-आमच्या घरात कात्री म्हणजे लहरी पाहुणी; कधी उशीखाली, कधी फ्रिजवर, आणि हवी तेव्हा कुठेच नाही. बुवांच्या घरात ती स्वयंपाकघराच्या दाराआड, तिच्या खिळ्यावर. शेजारी नेलकटर, त्याच्या खिळ्यावर. एखाद्या पाहुण्याने नखं कापून नेलकटर टीपॉयवर ठेवलं, तर बुवा तोंडाने काही बोलायचे नाहीत. उठायचे, ते उचलायचे, खिळ्यावर अडकवायचे आणि परत येऊन बसायचे. पाहुणा त्या घरात पुन्हा नखं कापायच्या भानगडीत पडत नसे.

उभी हयात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली, म्हणून हे नाव. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं. नट, बोल्ट, वॉशर, पट्टे, बेअरिंगं, कानशी, हातमोजे, सगळं त्यांच्या ताब्यात. दिवे गेले तरी बुवा अंधारात हात घालून नेमका हवा तोच वॉशर काढून देतात, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी स्वतःच जिकडे तिकडे पसरवली होती. एकदा ते रजेवर असताना नव्या साहेबांनी रॅक हलवून घेतले. झालं! परत आल्यावर बुवांनी असा थयथयाट केला की साहेब केबिनमधून बाहेर पडेनात. घरी आल्यावर जेवलेसुद्धा नाहीत. "अगं, हात जातो ना आपोआप," म्हणून बायकोपुढे तळतळत राहिले. "डोक्याला विचारावं लागत नाही मला. आता प्रत्येक नगाला विचार करत बसू?" बायकोने ऐकून घेतलं, ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी रॅक जागच्या जागी आणून ठेवले.

अशा या माणसाच्या घरात एक टेबल होतं. मागच्या खोलीत, खिडकीला लागून. ते त्यांच्या बायकोचं.

बायकोला सगळे तारकाकू म्हणायचे. तांब्याची, पितळेची, कधी कुणी हौशी भेटलं तर चांदीची तार घेऊन काकू दागिने करायच्या. सोनाराचं काम नव्हे ते; भट्टी नाही, डाग देऊन जोडणं नाही. नुसती तार, पक्कड आणि बोटं. गोल चोचीच्या पक्कडीने तार वळवायची, तिची वेलांटी करायची, मध्ये मणी गुंफायचा, टोक दाबून असं आत घ्यायचं की कानाला टोचू नये. लेक शाळेत असताना तिच्या एका कानातल्याचा हूक तुटला, तो काकूंनी विजेच्या वायरीतली तार सोलून बसवला, तिथून ही गाडी सुरू झाली आणि मग थांबलीच नाही. बँकेतल्या मुली, दवाखान्यातल्या नर्स, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या कानांत काकूंच्या वेली. दुकान नाही, पाटी नाही. एकीच्या कानातलं बघून दुसरी यायची.

आणि टेबल? बुवांच्या लेखी त्या टेबलाचं वर्णन एका शब्दात व्हायचं: राडा.

"अगं, काय राडा मांडलायस हा!"

"राडा नाही, मांडणी आहे," काकू मान वर न करता म्हणायच्या.

"मांडणी? अशी मांडणी भूकंपानंतर असते."

"तुम्हाला काही हवंय का इथलं?"

"मला कशाला हवंय?"

"मग बघता कशाला?"

बुवांनी हा सल्ला अगदी मनावर घेतला. ते बघेनासेच झाले. मागच्या खोलीत जायचं झालं तर टेबलाकडे पाठ करून जायचे. डोळ्यांना त्रास होतो म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर मात्र अवघड झालं. कारखान्याने निरोप दिला, पण बुवांच्या अंगातलं स्टोअर काही निवृत्त होईना. जित्याची खोड ती! पहिल्यांदा स्वयंपाकघर लावलं; डबे उंचीप्रमाणे, वर लेबलं. मग औषधं. मग चपलांचं कपाट. मग प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा, इस्त्री केल्यासारख्या घड्या घालून. काकूंनी सगळं सोसलं. साखरेच्या जागी मीठ आलं तेही सोसलं. एकदाच काय त्या म्हणाल्या, "घर तुमचं. टेबल माझं. तिथे हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय!" बुवा म्हणाले आणि रागावून खिळ्यांची डबी लावायला बसले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. बुवांना ती ठाऊक नव्हती. तुम्ही तरी अंधारात राहू नका.

काकूंची नजर जात होती. सगळी नाही, मधली. दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्ये एक मळकट डाग बसला होता आणि तो हळूहळू पसरत होता. दाराची चौकट दिसायची, खुर्ची दिसायची, गॅस पेटलेला कळायचा. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं. अक्षर, सुईचं नाक, समोरच्याचा चेहरा. घरात वावरायला अडत नव्हतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. आणि काकूही काही कमी नव्हत्या. सकाळी पेपर आला की म्हणायच्या, "तुम्हीच वाचून दाखवा, तुमचा आवाज छान लागतो." बुवा खाकरून, छाती फुगवून, बाजारभावसुद्धा वाचून दाखवायचे. एवढी वर्षं बायकोने आवाजाला चांगलं म्हटलं नव्हतं, ते आत्ताच का म्हणते आहे, असा प्रश्न त्यांना पडला नाही. कौतुक झालं की माणसाला प्रश्न पडत नाहीत!

ठाऊक होतं ते फक्त लेकीला, आणि तिच्याकडून काकूंनी शपथ घेतली होती.

आणि तरीही काम चालू होतं, ते कशाच्या जोरावर? तर त्या राड्याच्या. टेबलावरची प्रत्येक वस्तू वर्षानुवर्षं ज्या जागी पडत आली, तिथेच पडायची. हात पुढे केला की पक्कड हातात. नजर कमी होत गेली तशी काकूंनी त्यात आणखी भर घातली होती. मऊ तारेचं भेंडोळं सैल, त्याला दोऱ्याची गाठ. ताठ तारेला गाठ नाही. पातळ तार एका जुन्या मोज्यात, जाड तार कान तुटलेल्या कपात. एका रंगाचे मणी खरबरीत झाकणाच्या बाटलीत, दुसऱ्या रंगाचे गुळगुळीत. बोटांना सगळं कळायचं. ते टेबल जसंच्या तसं होतं म्हणून काकूंचं काम होतं. टेबल गेलं की काम गेलं, इतका साधा हिशेब होता आणि तो काकूंना पक्का माहीत होता.

त्यातच शाळेतल्या मोठ्या बाई निवृत्त होणार म्हणून बाकीच्या बाईंनी मिळून त्यांच्यासाठी एक गळ्यातलं सांगितलं. तांब्याची वेल आणि निळे मणी. काकूंनी हो म्हटलं. निम्मी वेल झाली आणि लेक न्यायला आली.

"आईला चार दिवस माझ्याकडे नेते," ती बुवांना म्हणाली. "जरा बदल."

बदल कसला! तिच्या गावात डोळ्यांचे मोठे डॉक्टर होते, त्यांची वेळ मिळाली होती. बुवांनी पिशवी रिक्षात ठेवून दिली, हात हलवला, घरात आले. घर रिकामं. सगळी कपाटं लावून झालेली. आणि मागच्या खोलीत ते टेबल.

आता कुणी म्हणेल, बायकोने नको म्हटलेलं असताना हात लावलाच कसा? पण त्यांच्या मनात पाप नव्हतं हो. उलट डोक्यात आलं ते असं: एवढी वर्षं दुसऱ्यांचं स्टोअर सांभाळलं, बायकोचं एक टेबल नीट करून दिलं नाही. ती बिचारी त्या ढिगाऱ्यात पक्कड शोधत बसते. परत येईल आणि बघेल तर काय! नुसत्या विचारानेच त्यांचा ऊर भरून आला. हे सगळं प्रेमाने झालं, वाईट वाटतं ते त्याचंच. द्वेषाने झालं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

बुवा कामाला लागले. हार्डवेअरच्या दुकानातून प्लायवूडची पाटी आणली, तिला ओळीने भोकं पाडून घेतली, आकडे बसवले. प्रत्येक हत्यार पाटीवर धरून त्याच्या कडेने पांढऱ्या रंगाने रेघ काढली, म्हणजे कुठलं कुठे टांगायचं ते लगेच दिसावं. पक्कडी एका ओळीत, मग कटर, मग कानशी, मग इवलीशी हातोडी. मण्यांसाठी एकसारख्या पारदर्शक डब्या आणल्या. आणि तारेसाठी शिंप्याकडून रिकामी रिळं मागून आणली.

तार लावताना तर त्यांना कारखान्याची आठवण झाली. जाडी मोजायची चकती घेऊन एकेक भेंडोळं मोजलं. तांबं वेगळं, पितळ वेगळं, चांदी वेगळी. तार वेडीवाकडी होती म्हणून फडक्यात घट्ट धरून सरळ ओढून काढली आणि मग रिळावर अशी गुंडाळली की वेढ्याला वेढा चिकटलेला. मऊ तार अशी ओढली की ताठ होते, हे त्यांना माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये तार जाडीवर लावतात. मऊपणाचा तिथे खण नसतो. दोऱ्याच्या गाठी दिसल्या त्या कात्रीने कापून टाकल्या. "काय काय बांधून ठेवते ही," म्हणाले. फाटका मोजा, कान तुटलेला कप, खरबरीत झाकणाची बाटली, वाकलेली विणायची सुई, सगळं एका पिशवीत भरलं आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकलं. टाकताना गुणगुणत होते.

मग लेबलं. बुवांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. काळ्या शाईने, बारीक, सुबक. प्रत्येक रिळावर, प्रत्येक डबीवर.

मध्ये एकदा राहवेना म्हणून लेकीला फोन केला. "आईला सांगू नकोस, पण तिच्यासाठी एक गंमत करून ठेवलीय."

लेक तेव्हा डॉक्टरांच्या दारात रांगेत उभी होती. "बाबा, नंतर बोलते हं," म्हणाली आणि फोन ठेवला. कसली गंमत, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. ते तिला अजून लागून राहिलं आहे.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते काकूंना अपेक्षितच होतं. गेलेलं परत येणार नाही. आहे ते किती टिकेल, सांगता येत नाही. परतीच्या वाटेवर त्या लेकीला म्हणाल्या, "बरं झालं, माझं टेबल आहे."

घरी आल्या तेव्हा बुवा दारातच उभे. चहासुद्धा घेऊ देईनात. लहान पोरासारखे काकूंच्या मागे लागले. "आधी चल. मागच्या खोलीत चल. आणि डोळे मीट!"

"अहो, काय हे..."

"मीट म्हणतो ना!"

काकूंनी डोळे मिटले. बुवांनी खांद्याला धरून त्यांना नेलं, टेबलासमोर उभं केलं आणि ऐटीत म्हणाले, "हं, आता उघड!"

काकूंनी डोळे उघडले. समोर भिंतीवर काहीतरी मोठं चौकोनी होतं. त्यांनी हात पुढे केला, जिथे पक्कड असायची तिथे. हाताला टेबलाची नुसती गुळगुळीत फळी लागली. हात डावीकडे गेला. तिथेही फळी. मग दोन्ही हात सावकाश सगळ्या टेबलावरून फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेक दारात उभी होती, तिने तोंडावर हात धरला. बुवांना वाटलं, बायकोला आनंदाने शब्द सुचत नाहीत.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"छान," काकू म्हणाल्या. "खूपच मेहनत घेतलीत हो."

मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

लेक बोलायला निघाली होती. पण काकूंनी डोळे वटारले, शपथेची आठवण करून दिली आणि संध्याकाळच्या गाडीने तिला परत पाठवलं. "माझं मी बघते," म्हणाल्या. 'बघते' म्हणाल्या, आणि लेक गाडीत बसून रडली.

नंतर काही दिवस काकू मागच्या खोलीत फिरकल्याच नाहीत. आज कंटाळा आलाय, उद्या बसेन, असं चाललं होतं. बुवा रोज टेबलावरची धूळ पुसायचे आणि वाट बघायचे, ही कधी बसते आणि आपली पाटी कधी वापरते. शेवटी शाळेतून निरोप आला, समारंभ जवळ आला म्हणून. त्या दुपारी बुवा पिठाच्या गिरणीत गेलेले बघून काकू टेबलाशी बसल्या.

बुवा परत आले तर पाटीवरची निम्मी हत्यारं खाली जमिनीवर, रिळं घरंगळलेली, आणि काकूंच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. त्यांच्यातला स्टोअरकीपर खवळला. "अगं, हे काय? आठ दिवस नाही झाले लावून!" मग त्यांचं लक्ष गळ्यातल्याकडे गेलं. वेल एका जागी मोडली होती. तार ताठ झाली होती, वळवताना तुटली होती. आणि निळ्या मण्यांमध्ये तीन-चार हिरवे.

"हे हिरवे कशाला घातलेस मध्येच?"

काकूंचे हात थांबले. "हिरवे आलेत का?"

"आलेत का म्हणजे? डबीवर ठळक लिहिलंय की. वाच ना!" त्यांनी एक डबी काकूंच्या हातात दिली. "काय लिहिलंय?"

काकूंनी डबी हातात घेतली. मान जराशी बाजूला वळवली, कोपऱ्यातून काही दिसतं का बघायला. मग म्हणाल्या, "निळे."

डबीवर 'हिरवे' लिहिलं होतं. बुवा हसले. "थट्टा करतेस होय? बरं, ही?" म्हणून दुसरी पुढे केली.

"नका हो परीक्षा घेऊ माझी," काकू म्हणाल्या.

बुवांच्या हातात डबी तशीच राहिली. त्यांनी बायकोकडे बघितलं. नीट बघितलं, कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं तसं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, कानाकडे बघत होती. आणि मग एकेक आठवत गेलं: पेपर, साखर म्हणून पडलेलं मीठ, रस्त्यात समोरून येणाऱ्या शेजारणीला ओळख न देणं, आणि त्या दिवशी टेबलावरून फिरलेले ते दोन हात. त्यांनी डबी टेबलावर ठेवली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होत आलं."

"दीड वर्ष? आणि मला सांगितलं नाहीस? मला? मी कोण परका आहे?" त्यांचा आवाज चढला, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"काय म्हणजे... सगळं केलं असतं! तुला काही करू दिलं नसतं. हातात आणून दिलं असतं सगळं. तुला जागचं हलू दिलं नसतं."

"तेच," काकू म्हणाल्या. "तुम्ही मला नीट कपाटात लावून ठेवलं असतंत. वर लेबल."

बुवा खाली वाकून घरंगळलेली रिळं गोळा करायला लागले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडले असते.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन झाला. बुवा बोलत होते कमी आणि ऐकत होते जास्त. लेक म्हणाली, "बाबा, तुमचे रॅक हलवले होते तेव्हा तुम्ही घरी जेवला नव्हतात. मी लहान होते, पण मला आठवतंय. तुमचे तर साहेबांनी परत लावून दिले."

"मीही देतो," बुवा म्हणाले. "होतं तसं लावून देतो. उद्याच."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी उतरवली. रिळांवरची तार सोडवून सैल भेंडोळी केली. ताठ झाली ती बाजूला टाकून बाजारातून नवी मऊ तार आणली. तारेचं काय, ती मिळते. दोऱ्याच्या गाठीसुद्धा बांधल्या. मग गोल चोचीची पक्कड हातात घेतली आणि टेबलासमोर उभे राहिले.

कुठे होती ही?

अंधारात हात घालून वॉशर काढणारा माणूस! कारखान्यातला कुठला बोल्ट कुठल्या खणात होता ते आजही झोपेतून उठवलं तर सांगेल. पण बायकोचं टेबल, जे त्यांच्याच घरात, त्यांच्याच खिडकीशी एवढी वर्षं होतं, त्यावर पक्कड डावीकडे असायची की उजवीकडे, ते त्यांना आठवेना. कप पुढे होता की मागे? मोजा टांगलेला होता की पडलेला? डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, तर एकच शब्द समोर यायचा. राडा. बघितलंच नव्हतं तर आठवणार काय, कपाळ?

फोटो शोधले. लेकीने एक पाठवला. काकू टेबलाशी बसल्या आहेत असा तो एकच. पण फोटो काढताना बुवा मध्ये येऊन उभे राहिले होते, कमरेवर हात ठेवून. टेबल सगळं त्यांच्या मागे झाकलेलं. उजवीकडचा एक कोपरा काय तो दिसत होता, आणि त्यावर त्यांचाच चष्मा.

शेवटी ते काकूंनाच विचारायला गेले. पक्कड हातात घेऊन, अपराध्यासारखे. "अगं, एवढं सांग. ही कुठे असायची?"

काकू टेबलाशी आल्या. खुर्चीत बसल्या. हात उचलला आणि तो हवेतच राहिला. थोडा इकडे गेला, थोडा तिकडे. "इथे ठेवा बरं," म्हणाल्या. बुवांनी ठेवली. हात पुन्हा गेला. पक्कड सापडली नाही, कटरला बोट लागलं. "नाही. जरा पुढे." पुढे ठेवली. पुन्हा नाही. सकाळभर दोघांचं हेच चाललं होतं. दुपारी काकू म्हणाल्या, "मलाही नाही हो सांगता येत. मला कुठे ठाऊक होतं? हाताला ठाऊक होतं. आता त्याचाही गोंधळ उडालाय."

"नव्याने लावू. हळूहळू सवय होईल."

"डोळे होते तेव्हा लागलेली सवय ती. आता नव्याने लागायला वय कुठलं?" त्या चिडल्या नव्हत्या, हेच बुवांना सोसवेना. त्यांनी एकदा तरी ताट-वाटी आपटावी, दोन शब्द टाकून बोलावं, असं त्यांना फार वाटत होतं.

पण गळ्यातलं तर द्यायचं होतं. शब्द दिला होता. तेव्हा बुवांनी तोडगा काढला आणि तो सांगताना त्यांचा चेहरा उजळला. अजून आपला काही उपयोग आहे, असं वाटून. "तू बस. काय हवं ते माग. मी हातात देतो. अगं, जन्म गेला माझा लोकांच्या हातात सामान देण्यात!"

तसंच केलं. काकू खुर्चीत, बुवा शेजारी स्टुलावर. "मऊ तार." दिली. "गोल पक्कड." दिली. "निळा मणी." दिला. "कटर." दिला. बुवांच्या हातून एकही चूक झाली नाही. सांगायच्या आत हत्यार तळहातावर यायला लागलं. बोटं अजून तशीच चालत होती काकूंची. तार वळत होती, वेल पुढे सरकत होती. बुवांना मनातून बरं वाटायला लागलं. वाटलं, चला, एवढं काही बिघडलं नाही. असंच चालेल की आता. उलट दोघं मिळून करू. गळ्यातलं पुरं झालं तेव्हा ते हातात धरून म्हणाले, "बघ! काय सुरेख झालंय! पुढचं कधी घ्यायचं?"

काकूंनी वेलीवरून एकदा बोट फिरवलं, शेवटचं टोक आत दाबलेलं आहे ना ते पाहिलं.

"पुढचं नाही," त्या म्हणाल्या.

"का? जमलं की सगळं. काय कमी पडलं? मी आहे ना द्यायला."

"तुम्ही आहात. तेच सांगतेय." काकूंनी हातातली पक्कड खाली ठेवली. "रागावू नका हं. लग्न झाल्यापासून या घरात मी प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारून केली. भाजी विचारून, माहेरी जायचं विचारून, डबा कुठल्या फळीवर ते विचारून. तक्रार नाही माझी, तुम्ही काही वाईट नव्हतात. पण हे एवढं टेबल होतं, जिथे मला काही मागावं लागत नव्हतं. म्हणून तर मी करत होते हे सगळं. कानातल्यांचं काय एवढं, बाजारात ढिगाने मिळतात."

आपल्याला रडू येतंय हे बुवांना कळलं, पण ते बायकोला दिसणार नाही हेही कळलं, आणि त्याने आणखीच रडू आलं.

काकू खुर्ची मागे सारून उठल्या. टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या. "शाळेत तेवढं नेऊन द्या," म्हणाल्या. "आणि हे आवरून टाका आता."

त्या बाहेर गेल्या. मग बुवा उठले, आणि त्यांनी आवरलं. दुसरं त्यांना येत तरी काय होतं!